सॅल्मनची शपथ घालू नका

मागच्या डिसेंबरात यवतमाळला आमच्या कॉलेजच्या बॅचचं गेट-टुगेदर होतं. पुणे, हैदराबाद, बंगळुरू, दोघंतिघं थेट अमेरिकेतून, असे सगळे जमलो. जेवणाआधी भाषण ठेवलेलं. प्रमुख पाहुण्यांनी पाच मिनिटांत गाडी माशावर आणली. म्हणाले, सॅल्मन नावाचा मासा असतो. नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो, आणि हजारो किलोमीटर पोहून, धबधब्यांवर उड्या मारत, जिथे जन्मला त्याच झऱ्यात परत येतो. एवढासा जीव आपलं गाव विसरत नाही. आणि तुम्ही?

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारचा मित्र, जो हिंजवडीत राहतो आणि दर महिन्याला घरी तेवीस हजार पाठवतो, तो मान खाली घालून ताटातल्या पापडाशी खेळत होता. मला राग आला तो तिथे. दुसऱ्या दिवशी त्या भाषणाचा व्हिडिओ ग्रुपवर आला, मागे बासरी लावलेली. तो आजही फिरतो आहे. तुमच्याही एखाद्या ग्रुपवर आला असेल, नाहीतर त्याचा भाऊ आला असेल. सॅल्मन, गरुड आणि बांबू ही तीन पात्रं नसती तर मराठीतले निम्मे प्रेरणादायी वक्ते घरी बसले असते.

माझं म्हणणं एवढंच आहे की माशाची शपथ घालायची असेल तर मासा पूर्ण सांगा.

भाषणातला सॅल्मन बहुतेक चिनूक असतो, कारण व्हिडिओत दिसतो तो मोठा, तांबूस, पाण्याबाहेर झेपावणारा. चिनूक म्हटलं की आपल्याला आधी हवाई दलाचं हेलिकॉप्टर आठवतं. दोघांनाही नाव मिळालं ते कोलंबिया नदीच्या मुखाशी राहणाऱ्या चिनूक लोकांवरून. पॅसिफिक महासागरातल्या सॅल्मनमधला हा सगळ्यात मोठा. सरासरी मीटरभराच्या आतबाहेर, पण 1949 साली अलास्कात पीटर्सबर्गजवळ सापळ्यात सापडलेला एक 126 पौंडांचा होता, म्हणजे सत्तावन्न किलो. (मुंबईच्या हॉटेलात ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून मिळतो तो आपला रावस. त्याचं आणि सॅल्मनचं नातं आडनावबंधूएवढंही नाही.)

मादी वाहत्या, थंड पाण्यात नदीच्या तळाशी शेपटी आपटून गोट्यांमध्ये खळगा करते आणि हजारोंनी अंडी घालते. पिल्लं काही महिने, कधी वर्षभर नदीत राहतात. समुद्राकडे निघायच्या सुमारास त्यांचं शरीर खाऱ्या पाण्यासाठी बदलतं, आणि याच दिवसांत आपल्या ओढ्याच्या पाण्याचा वास त्यांच्या डोक्यात पक्का बसतो. आर्थर हॅस्लर आणि वॉरन विस्बी यांनी 1951 साली हे मांडलं. पुढे हॅस्लरच्या गटाने पिल्लांना एका कृत्रिम रसायनाच्या वासात वाढवलं आणि नंतर तेच रसायन दुसऱ्याच ओढ्यात सोडलं, तर मोठे झालेले मासे त्या ओढ्यात चढले. समुद्रात दिशा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून, नदीत शिरल्यावर नाकावरून. कृतज्ञता वगैरे काही नाही. लॉगिनचा पासवर्ड वासाचा आहे.

नदीत शिरला की चिनूक खाणं बंद करतो. अंगातली चरबी जाळत वर चढतो. युकॉन नदीतले काही मासे असे तीन हजार किलोमीटर चढतात. जबडा वाकडा होतो, कातडी फाटते, अंगावर बुरशी येते. अंडी घातली, फळवली, की काही दिवसांत मरतो. सगळे मरतात. पाहुण्यांच्या भाषणातला सॅल्मन मात्र कधीच मरत नाही, तो घरी पोचतो आणि आईच्या हातची भाकरी खातो.

आणखी एक गंमत. एका मादीची चार-पाच हजार अंडी धरा. माशांची संख्या आहे तेवढी टिकायला त्यातले सरासरी दोनच मोठे होऊन परतले तरी हिशेब जुळतो. म्हणजे परत येणं हा नियम नाही, अपवाद आहे. आपण फक्त पोचलेल्यांचा व्हिडिओ बघतो.

आणि जे जगतात ते तरी सगळे स्वतःच्याच झऱ्यात जातात का? नाही. थोडे दरवर्षी दुसऱ्याच ओढ्यात शिरतात. शास्त्रज्ञ त्यांना भरकटलेले म्हणतात. हिमयुगात ज्या नद्या बर्फाखाली होत्या त्यांत आज सॅल्मन आहेत, ते या भरकटलेल्यांच्या कृपेने. सगळेच आज्ञाधारक निघाले असते तर बर्फ वितळल्यावर त्या नद्या रिकाम्याच राहिल्या असत्या. हे वाक्य मी आईला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, तू भरकटलाच आहेस, त्यात मासे कायले पाह्यजे.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने मला तीन महिन्यांसाठी सिअॅटलला पाठवलं होतं. तिथे बॅलर्ड नावाच्या भागात समुद्र आणि गोड्या पाण्याचं तळं यांच्यामध्ये जहाजांसाठी कुलपं बांधली आहेत, 1917 सालची. त्यांच्या कडेला माशांसाठी जिना आहे. खरंच जिना. एकवीस पायऱ्या, प्रत्येक पायरी म्हणजे पाण्याचं एक लहान टाकं, वरच्या टाक्यातून खालच्यात पाणी पडतं आणि मासा एकेक टाकं चढत जातो. 1976 साली तो नव्याने बांधला. जमिनीखाली एक खोली आहे, तिला काचा लावल्या आहेत. ऑगस्टच्या शेवटी एका शनिवारी मी तिथे दोन तास उभा होतो. हिरवट पाण्यात एक चिनूक प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी पोहत होता. हाताच्या अंतरावर. पाठीवर एक जखम होती, पांढरी पडलेली. तो पुढे जात नव्हता, मागेही हटत नव्हता. मग शेपटीचा एक झटका, आणि काच रिकामी.

तिथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मी मासा बघायचा सोडून जिना बघायला लागलो. पायरीची उंची किती, पाण्याचा वेग किती, विसावा कुठे. कोणीतरी हे मोजलं होतं. कोणीतरी त्याचे पैसे मंजूर केले होते. कोणीतरी चूक झाली म्हणून ते पुन्हा बांधलं होतं. परत येण्याच्या या महान कथेत माशाची जिद्द आहे तेवढंच काँक्रीट आहे, आणि काँक्रीटचं नाव भाषणात येत नाही.

जिथे जिना नाही तिथे काय होतं, तेही त्याच अमेरिकेत बघता येतं. कॅलिफोर्नियात मॅकक्लाउड नावाची नदी आहे. तिच्या काठी विनेमेम विंटू नावाची एक छोटी आदिवासी जमात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या खोऱ्यातल्या चिनूकची अंडी बोटीने न्यूझीलंडला नेली आणि तिथल्या नद्यांत रुजवली. मासे तिथे रुळले, तिथल्या समुद्रात जाऊन तिथल्याच नद्यांत परत यायला लागले. इकडे 1945 साली शास्ता धरण पूर्ण झालं. त्याला माशांसाठी वाट ठेवलेली नव्हती. मॅकक्लाउडमधला चिनूक संपला. 2010 साली या जमातीतले लोक विमानाने न्यूझीलंडला गेले, रकाइया नदीच्या काठी नाचले, आणि आपल्या माशांच्या वंशजांची माफी मागितली. आम्ही तुमची नदी राखू शकलो नाही, म्हणून.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ लॅपटॉपसमोर नुसता बसून होतो. आमच्याकडे मंचावरून परत न येणाऱ्याला झापतात. त्यांच्याकडे परत न येणाऱ्याची माफी मागायला समुद्र ओलांडून जातात. 2022 साली त्याच मॅकक्लाउडमध्ये सरकारी खात्याने आणि जमातीने मिळून पुन्हा चिनूकची अंडी सोडली. क्लॅमथ नदीवरची चार धरणं तर 2024 मध्ये पाडून झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ओरेगॉनमधल्या एका उपनदीत चिनूक दिसले, 1912 नंतर पहिल्यांदा. शंभर वर्षं मासे कृतघ्न होते आणि अचानक त्यांना गाव आठवलं, असं कोणी म्हणालं नाही.

आता घरी येऊ.

माझं गाव वणी तालुक्यात. गावाच्या कडेचा नाला निर्गुडेला मिळतो, निर्गुडा वर्धेला. पुढे जुगादजवळ वर्धेला पैनगंगा येऊन मिळते, मग वैनगंगेला भेटून तिची प्राणहिता होते, ती सिरोंच्याला गोदावरीत जाते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे आमच्या नाल्यालाही समुद्राचा पत्ता आहे.

लहानपणी मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, नाल्याला गढूळ लोंढा आला, की रात्री गावात एकच ओरड व्हायची, मासे चढले! उन्हाळ्यात डोहात दडून राहिलेले मासे पुराच्या पाण्याला उलटे येतात. पसरट, उथळ, ताज्या पाण्यात अंडी घालायला. कोकणात याला वलगण म्हणतात, घाटावर चढणीचे मासे. आपल्याकडे यासाठी शब्द आहेत, म्हणजे कोणीतरी शेकडो वर्षं हे बघत होतं. सॅल्मनसारखा समुद्र यात नाही, पण खालून वर, प्रवाहाविरुद्ध, पोटात अंडी घेऊन, ठरलेल्या वेळी जाणं हे तेच आहे. हा मासा मात्र मरत नाही. उतरून खाली जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो, जर कोणी मधे धरला नाही तर.

आम्ही धरायचो. हे लपवत नाही. टॉर्च, काठ्या आणि घरची जुनी मच्छरदाणी घेऊन आम्ही पोट्टे नाल्यात आडवे व्हायचो. घरी आल्यावर आई मासा चिरायची तेव्हा पिवळ्या अंड्यांचा गोळा बाहेर यायचा, आणि तो कोणाच्या ताटात जाणार यावरून आम्हा भावंडांची भांडणं व्हायची.

नाल्याकाठी भोयांची चार घरं होती. त्यातल्या एका म्हाताऱ्याला अख्खं गाव मामाजी म्हणायचं. ते आम्हाला शिव्या द्यायचे. मामाजी स्वतः जाळ्यावर जगणारे, पण पहिल्या पुराला नाल्यात आडवं जाळं टाकायचे नाहीत. "चढाले आलेल्या बाईले वाटेत मारता काय बे," असं म्हणायचे. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला वाटणी हवी आहे.

मग नाल्यावर सिमेंटचा बांध झाला. मी तेव्हा नववीत. फोटो निघाले, नारळ फुटला. बांध दोन पुरुष उंच नाही, माणूस सहज चढून जाईल एवढाच. पण खालून येणाऱ्या वीतभर माशाला तो शास्ता धरणाइतकाच उंच. पहिल्या पुराला मासे आले आणि भिंतीखालच्या खळग्यात गोळा झाले. त्या वर्षी मच्छरदाणीचीही गरज पडली नाही, लोकांनी घमेल्याने भरले. दुसऱ्या वर्षी कमी होते. तिसऱ्या वर्षी ओरड झालीच नाही.

मी धरणविरोधी नाही, हे स्पष्ट सांगतो. ज्या जिल्ह्यात कापूस पावसाच्या भरवशावर उभा राहतो आणि शेतकरी फास लावून घेतो, तिथे पाणी अडवू नका असं म्हणायला मी वेडा नाही. 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरात टँकरमागे धावणारी माणसं माझ्या नात्यातली होती. माझी तक्रार भिंतीबद्दल नाही, भिंतीत माशाला वाट ठेवायची असते हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही, याबद्दल आहे. मी चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलो. मित्र सिव्हिलला होते. ‘फिश लॅडर’ हा शब्द मी सिअॅटलच्या पाटीवर पहिल्यांदा वाचला. आंध्रात गोदावरीवर पोलावरमच्या सांडव्यात मात्र तो धरला आहे, कारण तिथे पुलस नावाचा मासा समुद्रातून नदीत चढतो आणि लोक त्याच्यासाठी हजारो रुपये मोजतात. पुलस म्हणजेच हिलसा. गंगेत फरक्का बराज 1975 साली झालं आणि वरच्या गंगेतला हिलसा जवळजवळ संपला, तो धडा समोर होता. आमच्या नाल्यातल्या माशाला बाजारात भाव नाही, म्हणून त्याला पायरीही नाही.

यावर सरकारी उत्तर ठरलेलं आहे. मासे कमी झाले? बोटुकली सोडा. कटला, रोहू, मृगळ. आकडा लाखात लिहिता येतो, फोटो चांगला येतो. पण या मूळच्या उत्तरेतल्या, गंगेच्या खोऱ्यातल्या जाती साठलेल्या पाण्यात अंडीच घालत नाहीत. त्यांनाही पूर लागतो, वाहतं पाणी लागतं. 10 जुलै 1957 ला ओडिशात अंगुल इथे हिरालाल चौधुरींनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना अंडी घालायला लावली. काम थोरच होतं, आज देशभरचं मत्स्यजिरं त्यावर चालतं आणि त्या तारखेला मत्स्यशेतकरी दिन असतो. पण ते नेमकं काय आहे हे बघा ना. माशाला सुईने सांगायचं की पूर आला. तलावात सोडलेली बोटुकली मोठी होतात, विकली जातात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विकत आणावी लागतात. परत येण्याचा प्रश्नच नको. ही यंत्रणा चालवणाऱ्यांनी आम्हाला सॅल्मनची शपथ घालावी, हा विनोद मला पचत नाही.

हॅचरीने नदी तयार होत नाही, हे महाराष्ट्राला माहीत असायला हवं. आपला महाशीर. दख्खनचा महाशीर शास्त्रात नोंदला गेला तोच पुण्याच्या मुळा-मुठेतून, सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने, 1839 साली. तोही पावसाळ्यात वर चढतो, तोही गोट्यांच्या स्वच्छ तळावर अंडी घालतो. तो महाडजवळ वाळण कोंडीत देवीचा म्हणून वाचला, पण बाकी नद्यांतून आटला. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवली, देशभर दिली. हेतू चांगला. पण ती कावेरीतही सोडली गेली, आणि तिथे तिच्या स्वतःच्या, कुबड असलेल्या महाशीरची जागा या पाहुण्याने घेतली. त्या कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख 2018 साली पक्की झाली, तेव्हा तो नामशेष व्हायच्या काठावर होता.

मामाजींचा मुलगा तेलंगणात जिनिंगमध्ये कामाला जातो. नातू पुण्यात डिलिव्हरी करतो, माझ्याच सोसायटीच्या गेटवर एकदा भेटला. त्यांना कोणी मंचावर बोलावून ‘आणि तुम्ही?’ असं विचारत नाही. त्यांचं निघून जाणं कोणाच्या मोजणीतच नाही. गावात जाळं टाकायला नदी नाही, तलाव आहे तो ठेक्याचा, ठेका ज्याच्याकडे पैसे त्याला. गेल्या दिवाळीत मी मामाजींकडे बसलो होतो. सिअॅटलच्या जिन्याचा व्हिडिओ त्यांना दाखवला. त्यांनी फोन डोळ्याजवळ धरून तो तीनदा पाहिला. मग म्हणाले, "मासा त चढाले येतेच, बाबू. रस्ता त पाह्यजे नं."

म्हणून पाहुण्यांकडे, आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांकडे, माझं मागणं फार मोठं नाही. क्लॅमथसारखी धरणं पाडा असं म्हणत नाही. आपल्याकडे नद्यांवर कोल्हापुरी बंधारे आहेत. त्यांची रचनाच अशी आहे की पावसाळ्याआधी लोखंडी गेट काढायची आणि पाऊस ओसरताना बसवायची. वेळेवर काढली तर पहिल्या पुरात खांबांमधून मासा सहज वर जातो. याला निधी लागत नाही, माणसं लागतात आणि जूनमध्ये कोणीतरी विचारणारं लागतं. आमच्याकडची गेट कित्येकदा गंजून जागेवरच अडकलेली असतात, आणि जी निघतात ती भंगारात जातात. दुसरं, सिमेंटच्या नाला बांधाला खालच्या बाजूने मोठ्या दगडांचा उतार रचता येतो, खडबडीत, मधे विसाव्याला खळगे ठेवून. दोन ट्रॉली दगड आणि चार दिवसांची मजुरी. नवीन बांध असेल तर आराखड्यातच धरा. तिसरं, नदीतून रेती आणि गोटे उपसणं थांबवा, कारण वर पोचलेल्या माशाला अंडी घालायला तळ शिल्लक हवा. आणि चौथं आम्हा पोट्ट्यांसाठी आहे, पहिल्या पुराला आडवी मच्छरदाणी लावू नका. मामाजी वाटणी मागत नव्हते.

हे सगळं मी ग्रुपवर त्या व्हिडिओखाली लिहिलं. शेवटी विचारलं, आपापल्या गावच्या बंधाऱ्याची गेट या जूनमध्ये निघणार आहेत का, कोणी विचारून सांगेल का? दोन अंगठे आले, एक हात जोडलेला आला, आणि त्याखाली कोणाची तरी लग्नपत्रिका. रात्री अकराला त्या पापडवाल्या मित्राचा वेगळा मेसेज आला, आमच्या बंधाऱ्याची चौदापैकी नऊ अडकलेली आहेत, ग्रीस आणि पान्हा घेऊन जावं लागेल, तू येतोस का?

जूनच्या पहिल्या आठवड्याची रजा टाकली आहे. कारणाच्या रकान्यात ‘फॅमिली फंक्शन’ लिहिलं.